फर्नच्या पानामागचे तपकिरी ठिपके

प्रश्न: बाल्कनीतल्या फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके आलेत. शेजारच्या काकूंनी खवले कीड सांगितली. कडुनिंबाचं तेल दोनदा फवारलं, फरक नाही. सगळी पानं छाटून टाकू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: कात्री खाली ठेवा! पान उलटं करून ठिपके कसे मांडलेत ते पाहा. प्रत्येक पर्णिकेच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानाच्या, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत? मग ती कीड नाही. कीड एवढी शिस्तीची नसते. ती देठावर, शिरेवर, जागा मिळेल तिथे बसते, नखाने खरवडली की सुटते आणि पान बहुधा चिकट लागतं.

नेच्याला, म्हणजे फर्नला, फूल नाही, फळ नाही, बी नाही. त्याचा वंश या ठिपक्यांवर चालतो. एकेक ठिपका म्हणजे बीजाणुधानींचा घोस. बीजाणू म्हणजे बीचं काम करणारे धुळीएवढे कण, आणि ते जिच्यात तयार होतात ती बीजाणुधानी. कुंडीतल्या नेहमीच्या फर्नमध्ये त्यावर राजम्याच्या दाण्याच्या आकाराचं पातळ झाकण असतं. बीजाणुधानी कोवळ्या असेपर्यंत ते त्यांना सांभाळतं, पिकल्या की आक्रसतं.

खरी गंमत बीजाणुधानीत आहे. देठावरची इवलीशी डबी. बहुतेक नेच्यांत एका डबीत 64 बीजाणू. डबीच्या पाठीवरून जाड भिंतींच्या पेशींचं एक वलय जातं. हवा कोरडी झाली की या पेशींतलं पाणी उडू लागतं, त्यांची पातळ बाहेरची बाजू आत ओढली जाते, वलय मागे वाकतं आणि डबी फाटते. ताण पराकोटीला गेला की पेशींच्या आत एकाएकी बुडबुडे तयार होतात, वलय गलोलीसारखं परत येतं आणि बीजाणू भिरकावले जातात. वर्गात मी पिकलं पान टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली, सूक्ष्मदर्शकावर ठेवायचे. मिनिटभरात कुणीतरी ओरडायचं, "मॅडम, उडाला!" हल्लीच्या एलईडीला ती ऊब नाही.

पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतीत नेचा कुणी लावलेला नसतो, तो असाच उडून येतो. ओल मिळाली की बीजाणूतून आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराचं हिरवं पान उगवतं. त्यावरच्या नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादी पेशीपर्यंत जातात, मग नवा नेचा. म्हणून पावसाळा लागतो. (सिंहगडावर मुलं ज्याचा पांढरा छाप हातावर उमटवतात, त्या चंदेरी नेच्याची पूड मात्र बीजाणू नव्हे. त्याचे बीजाणू पानाच्या कडेला, दुमडीखाली असतात.)

तेल न लागलेलं, तपकिरी ठिपक्यांचं एक पान पांढऱ्या कागदावर पालथं ठेवा, वर वही ठेवा. दुसऱ्या दिवशी उचला. बीजाणू पिकले असतील तर कागदावर पानाचाच नकाशा तपकिरी धुळीत उमटलेला दिसेल. काकूंनाही दाखवा.