स्मृती-शिष्यवृत्तीचे नियम कसे असावेत?

प्रश्न : माझे थोरले बंधू यंत्र अभियंता होते. त्यांच्या पश्चात कुटुंबीय आणि सहकाऱ्यांनी मिळून काही निधी जमवला असून, त्याच्या व्याजातून विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती द्यावी, असे ठरत आहे. ती यंत्र अभियांत्रिकीत प्रथम येणाऱ्यालाच मिळावी, असा काहींचा आग्रह आहे. आपले मत काय? — एक वाचक

उत्तर : आग्रहामागील भावना समजते, परंतु पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यासाठी बक्षिसे बहुधा अगोदरच ठेवलेली असतात, वसतिगृहाचे पैसे थकल्यामुळे प्रकल्प अर्धवट सोडण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्याला तीच रक्कम तारून नेते. शिवाय अटी जितक्या अरुंद, तितके अर्ज कमी. शाखा, विषय आणि गुण या तिन्ही अटी घातलेल्या एका निधीकडे सलग तीन वर्षे एकही पात्र अर्ज आला नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. नियम बदलण्याची तरतूदच नसल्याने विश्वस्तांना व्याज साचताना पाहत बसावे लागले. तेव्हा अटी बहुमताने बदलता येतील, हे कलम पहिल्याच मसुद्यात घालावे.

प्रतीक्षायादीही हवीच. लंडनच्या 1851च्या महाप्रदर्शनातून उरलेल्या पैशांच्या शिष्यवृत्तीसाठी न्यूझीलंडमधून आधी निवडलेल्या उमेदवाराने ती नाकारली, म्हणून 1895मध्ये ती अर्नेस्ट रदरफोर्ड यांना मिळाली आणि ते केंब्रिजला पोहोचले. 1908मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवड समित्यांनी हे अधूनमधून आठवावे!

निधीचा हिशेब मात्र भावनेबाहेर ठेवावा. समजा, व्याज 7 टक्के आणि महागाई 5 टक्के आहे. सगळे व्याज दरवर्षी वाटून टाकले, तर मुद्दल कागदावर तेवढेच दिसेल, पण सुमारे 14 वर्षांत त्याची खरेदीशक्ती निम्म्यावर येईल. म्हणून शंभरामागे दोनच वाटावेत आणि उरलेले पाच मुद्दलात मिळवावेत. आरंभी शिष्यवृत्ती लहान वाटेल, त्याला इलाज नाही. दोन तोकड्या शिष्यवृत्त्यांपेक्षा एकच पुरेशी बरी.

बंधूंच्या कामाची ओळख करून देणारे एक पान अर्जासोबत जरूर जोडावे. त्यांनी कोणते यंत्र उभारले, ते कसे चाले, हे त्यात असावे. स्मृतिदिनी कार्यक्रमही करावा. रक्कम मात्र त्या दिवसासाठी अडवून न ठेवता शुल्क भरण्याच्या मुदतीपूर्वी विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करावी.