खासदारानं मत दिलं की पक्षानं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात खासदार-आमदारांची सभागृहातली हजेरी आणि त्यांनी विचारलेले प्रश्न यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा आणि मेसेजचा सूर बहुतेक एकच होता, हजेरी कळली हो, पण मत कुणीकडं टाकलं ते सांगा की. यात कोल्हापूर जिल्ह्यातनं एवढे प्रश्न आलेत की या वेळी फक्त तिकडचेच घेतलेत, बाकीच्यांनी रुसू नये.

राज्यशास्त्राच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापूर आणि हातकणंगलेच्या खासदारांचं मतदानाचं रेकॉर्ड काढायला बसले. हजेरी मिळाली, प्रश्न मिळाले, भाषणं मिळाली. मतदान कुठंच नाही. सर म्हणतात अमेरिकेत एकेका सिनेटरचं सगळं मिळतं. मी चुकीच्या जागी शोधतेय का?
*(विद्यार्थिनी, राजारामपुरी)*

जागा बरोबर आहे, पण तिथं मालच नाही. आपल्याकडं बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं पास होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, मग दोन्हीकडनं आवाज येतो आणि 'होयचे बहुमत, होयचे बहुमत' म्हणून विषय संपतो. कोण काय ओरडलं याची नोंद कुठंच होत नाही, आणि घटनेत फक्त बहुमत लागतं एवढंच लिहिलंय, प्रत्येकाचं मत नोंदवा असं नाही. एखाद्या सदस्यानं अध्यक्षांचा निकाल मान्य नाही म्हणून मतविभागणी मागितली तरच मोजणी होते आणि नावं कागदावर येतात.

मागितली तरी मिळतेच असंही नाही बरं का. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत दोन कृषी विधेयकं आली, विरोधक मतविभागणी मागत होते, प्रचंड गोंधळ झाला, उपसभापतींचं म्हणणं की आधी आपापल्या जागेवर बसा मग मागा, आणि शेवटी आवाजीनंच दोन्ही पास. पुढं दिल्लीच्या सीमांवर वर्षभर आंदोलन चाललं त्या कायद्यांवर राज्यसभेतल्या एकाही खासदाराचं मत नावानिशी सापडत नाही. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागं घेतले तेही चर्चेशिवाय, आवाजीनंच. आपल्या विधानसभेतलं उदाहरण पाहिजे तर नोव्हेंबर २०१४ मध्ये फडणवीस सरकारनं विश्वासदर्शक ठरावच आवाजीवर जिंकला होता. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणीसाठी ओरडत राहिले. राष्ट्रवादीनं बाहेरनं पाठिंबा जाहीर केलेला, पण त्यांच्या कुठल्या आमदारानं त्या दिवशी काय म्हटलं ते आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या मते तर ही सगळ्याच पक्षांना सोयीची गोष्ट आहे, सरकारात असताना आवाजी गोड लागते आणि विरोधात गेलं की मतविभागणी आठवते.

तर प्रोजेक्टसाठी असं कर, घटनादुरुस्तीची विधेयकं धर. त्याला एकूण सदस्यांचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश असं दोन्ही लागतं, म्हणजे मोजल्याशिवाय भागतच नाही. लोकसभेच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तांतात शेवटी होय आणि नाही अशा दोन याद्या असतात. वर लिहिलेलं असतं की आकडा दुरुस्तीच्या अधीन आहे, कारण कुणाचं बटण लागत नाही, कुणी चुकीचं दाबतो, मग ते चिठ्ठीवर मत लिहून देतात आणि त्या दुरुस्त्यांची नावं खाली वेगळी असतात. तो खालचा भाग सोडू नकोस, नाहीतर हजर असलेला माणूस तुझ्या तक्त्यात गैरहजर पडेल.

व्हिप, म्हणजे पक्षाचा आदेश, मोडला की पद जातं म्हणतात. मग खासदाराच्या मताला अर्थ तो काय राहिला? सगळी मतं पक्षाचीच की.
*(निवृत्त शिक्षक, गडहिंग्लज)*

बरंचसं खरं आहे सर. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं, त्यात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानालाच गेला नाही तरी अपात्रता येऊ शकते. आपोआप नाही. पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तर विषय मिटला, नाहीतर तक्रार अध्यक्षांकडं जाते आणि तिथं ती किती दिवस पडून राहते हे महाराष्ट्राला काही नवं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात कायदा टिकवला पण सुचवलं होतं की अपात्रतेपर्यंत जाणारा व्हिप सरकार टिकण्या-पडण्याच्या मतदानापुरता आणि पक्षाच्या मूळ धोरणापुरता ठेवावा. ते सुचवणं कागदावरच राहिलं, आता किरकोळ विधेयकालासुद्धा तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, व्हिप सुटतो.

म्हणून नुसतं मत बघून 'हा माणूस या धोरणाच्या बाजूचा' असं लिहू नका. डिसेंबर २०१९ बघा, नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेनं ९ तारखेला लोकसभेत पाठिंबा दिला आणि ११ ला राज्यसभेत मतदानच केलं नाही. दोन दिवसांत शिवसेनेच्या खासदारांचे विचार बदलले का? मुंबईत नुकतंच काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार आलं होतं, एवढंच बदललं होतं.

माणूस दिसतो तो कडेकडेनं. एक म्हणजे गैरहजेरी. १७ डिसेंबर २०२४ ला 'एक देश एक निवडणूक' विधेयक मांडायच्या वेळी मतविभागणी झाली, २६९ विरुद्ध १९८, आणि भाजपचा तीन ओळींचा व्हिप असूनही त्यांचे सुमारे २० खासदार नव्हते. सगळे काही बंडखोर नसणार, कुणाचा दौरा, कुणाचं दुखणं, पण कोण नेमका कुठल्या विषयाला वारंवार नसतो हे जुळवून बघितलं तर काहीतरी हाती लागतं. दुसरं, पक्षानं मुद्दाम मोकळं सोडलं तेव्हा. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्तीच्या वेळी बिजू जनता दलानं राज्यसभेत आपल्या खासदारांना विवेकानं मत द्या म्हणून सांगितलं, असं मत खऱ्या अर्थानं त्या माणसाच्या नावावर टाकता येतं. आणि तिसरं, उघड मोडणारे, ते विरळाच. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं तेव्हा नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षाचा आदेश डावलून सरकारविरुद्ध गेले, पक्षानं त्यांना काढून टाकलं.

अमेरिकेत हेच जॉन मॅककेन यांनी जुलै २०१७ मध्ये केलं, आपल्याच पक्षाचं आरोग्य विधेयक पाडलं आणि सिनेटर म्हणून राहिले. तिथं मत वाचून माणूस कळतो कारण पक्षाविरुद्ध मत दिल्यावर खुर्ची जात नाही.

आता व्हिप नेमका कुणाचा हाही घोळ आहेच. जुलै २०२२ ला विधानसभेत सुनील प्रभू आणि भरत गोगावले, दोघंही शिवसेनेचे प्रतोद म्हणून व्हिप काढत होते. शिरगणती चालू, एकेक आमदार उभा राहतोय, शिंदे गटातल्या काहींची पाळी आली की विरोधी बाकांवरनं 'ईडी, ईडी'. शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ नं पास. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ ला सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, गोगावलेंना दिलेली मान्यता चुकीची. आणि जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी दोन्ही गटांतलं कुणालाच अपात्र ठरवलं नाही. आता त्या ९९ आणि १६४ मध्ये निष्ठावान कोण आणि बंडखोर कोण, हे कुठल्या तक्त्यात बसवणार सांगा.

२०२२ च्या राज्यसभेला सहाव्या जागेवर दोन्ही उमेदवार कोल्हापूरचेच, भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. पवार पडले. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर अजून वाद चालतो की मत कुणाचं फुटलं. रेकॉर्ड बघता येतं का?
*(शिवाजी पेठ)*

कट्ट्यावरचा वाद चालूच राहू दे, मिटायची शक्यता कमी आहे. पण नियम कळला तर वादाला निदान धार येईल.

राज्यसभेला २००३ पासून खुलं मतदान आहे, म्हणजे आमदारानं मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. फक्त त्यालाच. दुसऱ्याला दिसली तर मत बाद, १० जून २०२२ ला शिवसेनेच्या सुहास कांदेंचं मत असंच बाद झालं आणि आक्षेप-तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्यामुळं निकाल पहाटेपर्यंत लटकला. अपक्षानं मात्र कुणालाच दाखवायचं नाही. तेव्हा पक्षाच्या आमदारानं काय केलं ते पक्षाला माहीत असतं, आपल्याला नाही, आणि अपक्षानं काय केलं ते कुणालाच नाही. संशय कुठं गेला असेल ते वेगळं सांगायला नको. शिवाय इथं दहावं परिशिष्ट लागू होत नाही, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच ते स्पष्ट केलंय. पक्ष हाकलू शकतो, आमदारकी जात नाही.

खरी गंमत दहा दिवसांनी झाली. २० जूनला विधान परिषदेचं मतदान, ते पूर्ण गुप्त. भाजपचे पाचही आले आणि काँग्रेसच्या पहिल्या पसंतीचे चंद्रकांत हंडोरे पडले. त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेकडं. तेच आमदार, तोच महिना, फक्त बघणारा डोळा काढला आणि निकाल असा आला! पक्षनिष्ठा मोजायची असेल तर माझ्या मते या दोन निवडणुका शेजारी ठेवून बघण्यासारखं दुसरं काही नाही, नावं मिळत नाहीत हे खरं, पण पक्षाचा आकडा किती पोकळ होता ते कळतं.

मी ऊस उत्पादक. मतदानावरनं शेतकऱ्याच्या बाजूचा खासदार ओळखायचा कसा? सगळेच बाजूचे म्हणतात.
*(शिरोळ तालुका)*

मतदानावरनं जवळजवळ नाहीच ओळखता येणार, दुसरीकडं बघावं लागतंय. आपल्याच भागातलं उदाहरण, राजू शेट्टी हातकणंगलेचे खासदार असताना २०१८ ला त्यांनी कर्जमुक्ती आणि हमीभाव अशी दोन अशासकीय विधेयकं (म्हणजे सरकारनं नाही, खासदारानं स्वतः आणलेली) लोकसभेत मांडली, देशभरातल्या शेतकरी संघटना त्यामागं होत्या. ती मतदानापर्यंत गेलीच नाहीत. दोन्ही सभागृहांत पास झालेलं शेवटचं अशासकीय विधेयक १९७० मधलं आहे, त्यावरनं ओळखा. पण विधेयक मांडलं ही नोंद राहते, त्याचा मसुदा वाचता येतो, आणि तो त्या खासदाराचा स्वतःचा असतो, व्हिपचा नाही.

आणि ज्या गोष्टींवर गावात खरं पेटतं त्यावर सभागृहात मतदान होतच नाही हो. शक्तिपीठ महामार्ग कुठनं जाणार हे मंत्रिमंडळ, अधिसूचना आणि भूसंपादनातनं ठरतंय. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सुरू झालं तेही विधानसभेच्या मतानं नाही. इथं आमदार-खासदारानं लक्षवेधी लावली का, लेखी प्रश्न टाकला का, बजेटवर बोलताना विषय काढला का, ते बघा. मोर्चात पुढं आणि सभागृहात गप्प असा माणूस वृत्तांतात लगेच सापडतो. उलट एकमतानं पास झालेल्या गोष्टींवरनं काही काढायला जाऊ नका. फेब्रुवारी २०२४ चं मराठा आरक्षणाचं १० टक्क्यांचं विधेयक एकमतानं झालं, त्यात तुमचा आमदार दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा कळणार?

गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीला एका पॅनेलमध्ये, विधानसभेला समोरासमोर. आमच्याकडं पक्षनिष्ठा मोजायची तरी कशी?
*(कसबा बावडा)*

मोजू नका, तुमच्याकडं गटनिष्ठा मोजतात! २०१९ ला राष्ट्रवादी-काँग्रेसची आघाडी असताना काँग्रेसच्या सतेज पाटलांचं 'आमचं ठरलंय' ही घोषणा आघाडीच्याच, तेव्हा राष्ट्रवादीत असलेल्या धनंजय महाडिकांच्या विरोधात चालली आणि शिवसेनेचे संजय मंडलिक निवडून आले. २०२१ ला गोकुळमध्ये काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे मुश्रीफ एका बाजूला, काँग्रेसचेच पी. एन. पाटील महाडिकांबरोबर दुसऱ्या बाजूला. यातलं काहीही विधानसभेच्या मतात दिसत नाही, कारण तिथं व्हिप आहे आणि दूध संघाला व्हिप नाही. कोल्हापूरचा माणूस सभागृहात पक्षाबरोबर आणि जिल्ह्यात गटाबरोबर असतो, आणि मतदारालाही त्याचं फार काही वाटत नाही असं निकालांवरनं दिसतं.

अपक्षाला व्हिप नाही. मग अपक्षच बरा ना?
*(इचलकरंजी)*

मोकळा असतो, म्हणून मत स्वतःचं असेलच असं नाही. निवडून आल्यावर अपक्ष एखाद्या पक्षात गेला तर त्याचंही पद जातं, त्यामुळं ते पाठिंबा देतात पण प्रवेश करत नाहीत. राजेंद्र पाटील यड्रावकर २०१९ ला शिरोळमधनं अपक्ष आले, शिवसेनेच्या कोट्यातनं ठाकरे सरकारात राज्यमंत्री झाले आणि जून २०२२ ला शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले. राधानगरीचे प्रकाश आबिटकरही तिकडंच होते, पण ते शिवसेनेच्या तिकिटावरचे, त्यांच्या गटावर अपात्रतेचा खटला दीड वर्ष लोंबकळला. यड्रावकरांवर कुठला पक्षादेश मोडल्याचा प्रश्नच आला नाही.