आजीसोबत जहाजावर निघण्याआधी

दांडिया बाजार, बडोदा

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजीला घेऊन जहाजाने निघते आहेस, हे परवा तुझ्या आईकडून कळलं आणि रात्री मला झोप लागेना. साउदॅम्प्टन ते सिडनी! २०१६ साली तुझे काका आणि मी हाच प्रवास केला. आम्ही सुएझमधून गेलो होतो, तुम्ही आफ्रिकेला वळसा घालून जाणार. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेकडून जाऊ लागली. म्हणजे तुमच्या वाट्याला बंदरं कमी आणि पाणी जास्त. मॉरिशस सोडलं की पर्थजवळच्या फ्रीमँटलपर्यंत साधारण आठवडाभर जमीन दिसत नाही. बंदरांची माहिती तू काढलीच असशील. मला लिहायचंय ते या मधल्या दिवसांबद्दल.

आधी आजीचं. खोली अजून बदलता येत असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. मळमळलं तर तिला खोलीत निजवू नकोस, वर डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला लाव आणि आलेपाक दे. लाइफ जॅकेटची कवायत निघतानाच होते. ती कंटाळवाणी वाटली तरी आजीला तिथे ने, जागा तिच्या डोळ्यांखालून जाऊ दे. आणि पूर्वेकडे जाताना दर १५ रेखांशांना घड्याळ एक तास पुढे जातं. सिडनीपर्यंत दहा-अकरा रात्री तासाभराने लहान होतील. अशा रात्रीनंतर सकाळी तिला लवकर उठवू नकोस.

आता माणसांचं.

आम्ही चढलो त्याच संध्याकाळी आम्हाला एक पुण्याचं आणि एक सुरतेचं जोडपं भेटलं. जेवणाचं टेबल एक झालं, दुपारी पत्ते एकत्र, डेकवरच्या खुर्च्यांवर एस.टी.त रुमाल टाकावा तसे टॉवेल टाकून जागा धरणं एकत्र. बारा दिवस आम्ही दुसऱ्या कुणाशी धड बोललोसुद्धा नाही. तेव्हा ते फार सुखाचं वाटलं. आज त्या बारा दिवसांची हळहळ वाटते.

ती कोंडी फुटली धुण्याच्या खोलीत. लांबच्या प्रवासात जहाजावर खरी वस्ती कुठे असेल तर तिथे. आपल्या वाड्यातल्या नळासारखंच. कोण आधी आलं, कुणी कुणाचे ओले कपडे मशीनमधून काढून बाजूला ठेवले, यावरून सत्तरीतली माणसं हमरीतुमरीवर येतात. मी तिथे साडीची घडी घालत होते. एकटीने सहा वार आवरेना. शेजारी स्कॉटलंडच्या एक निवृत्त परिचारिका उभ्या होत्या. त्यांनी काही न विचारता दुसरं टोक धरलं. दोघी पुढे आलो, मागे गेलो, टोकाला टोक लावलं. नंतर दर तीन-चार दिवसांनी त्या माझ्या साडीसाठी थांबायच्या. बारा दिवस त्या आमच्या मागच्याच टेबलावर एकट्या जेवत होत्या, आणि मी पाठ करून बसले होते.

मी त्यांना आमच्या टेबलावर बोलावलं. मग गप्पा इंग्रजीत होऊ लागल्या आणि पुण्याच्या जोडप्याला ते रुचलं नाही. आठवड्याने ते दुसरीकडे बसू लागले. त्यांना मी दोष देत नाही, घराबाहेर आपली भाषा कानावर पडली की माणूस तिला बिलगतंच. पण आपण बडोद्याचे. खंडेराव मार्केटात भाजी घेताना तोंडात गुजराती येते आणि घराचा उंबरा ओलांडला की मराठी, कधी बदललं ते आपल्यालाही कळत नाही. शेजारच्या बा दारात आल्या की आपलं सगळं घर मध्येच गुजराती बोलू लागतं. जहाजावर मी एवढी साधी सवय विसरले. तू विसरू नकोस. पहिल्या संध्याकाळी जमलेला गट पक्का करू नकोस. आठ जणांचं टेबल माग, आजीला इंग्रजी येत नाही म्हणून दोघींचं वेगळं टेबल घेऊ नकोस. तिचं बोलणं तू दुसऱ्यांना सांग, त्यांचं तिला.

खोली आवरणारा मुलगा गोव्याचा किंवा कोकणातला निघाला तर आजी त्याला सोडणारच नाही. माझंही तसंच झालं होतं. पण ती मुलं सहा-सहा, नऊ-नऊ महिने सुट्टीच्या दिवसाशिवाय राबतात. नियमाने त्यांना सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती मिळायला हवी, यावरून कामाचा अंदाज कर. त्याला नावाने हाक मार, चार शब्द बोल आणि मोकळा कर. त्याच्या हातातली पुढची खोली अडलेली असते.

खाऊ न्यायचाच तर भाकरवडी दुकानातली सीलबंद घे, घरचं लोणचं राहू दे. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे जिन्नस जाहीर करावे लागतात. इस्त्री आणि चहाची किटली पेटीत टाकू नका, आगीच्या भीतीने काढून घेतात.

आणि खोलीच्या भिंती पोलादी असतात, त्यांना लोहचुंबकाचे हूक चिकटतात. माझ्याकडे आठ आहेत, दोरीसकट. मंगळवारी संध्याकाळी आजीला घेऊन ये, देते. साडीची घडी दोघींनी कशी घालायची तेही तेव्हाच दाखवते, तुला आजवर कुणी शिकवलेलं दिसत नाही.

तुझी,
काकू