काटा वर चढतो तो नेमका कशामुळे?

प्रश्न : माझ्याकडे जुनी विकत घेतलेली डिझेल कार आहे. आईला तपासणीसाठी वरचेवर अमरावतीला न्यावे लागते, म्हणून ती घेतली. मोठ्या रस्त्यावर गाडी व्यवस्थित धावते. मात्र बाजारातल्या गर्दीत किंवा गावाकडच्या उखडलेल्या रस्त्यावर एसी लावून हळू चालवली की तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढू लागतो. पहिल्या गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला, दुसऱ्याने वॉटर पंप बदलला आणि आता तिसरे मिस्त्री म्हणतात की हेड गॅस्केट गेले आहे, इंजिन खोलावे लागेल. पाणी कमी झाले की मी घरच्या बोअरचे पाणी टाकतो. सोयाबीनचे पैसे गाडीतच जिरत आहेत. विश्वास कोणावर ठेवावा?
– एक शेतकरी वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती ही आहे की गाडी वेगात तापत नाही, हळू चालवताना तापते, आणि तिन्ही ठिकाणी नेमके हेच कोणी विचारलेले दिसत नाही, याचे फार वाईट वाटते. वेगात असताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, पण गाडी रेंगाळली की ते काम पंख्यावर येते. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातील पाण्याची वाट उघडझाप करणारी झडप, बंद अवस्थेत अडकला असता किंवा वॉटर पंप निकामी झाला असता, तर मोठ्या रस्त्यावरही, किंबहुना तिथे अधिकच, काटा चढला असता. म्हणून इंजिनाला हात लावू देण्यापूर्वी पंखा तपासून घ्यावा. बॉनेट उघडून, हात दूर ठेवून एसी सुरू करावा. बहुतेक गाड्यांत विजेवर चालणारा पंखा लगेच किंवा थोड्याच वेळात फिरू लागतो. तो फिरत नसेल, अडखळत असेल किंवा मंद फिरत असेल, तर फ्यूज, रिले, वायरिंगचा जोड आणि पंख्याची मोटर या क्रमाने शोध घ्यायला सांगावे. यांतील पहिल्या गोष्टी अगदी थोडक्या पैशांत होतात.

पंखा ठीक असला तर एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारून पाहावे. आपल्या भागात कापूस वेचणीच्या दिवसांत उडणारे तंतू आणि काळ्या मातीची धूळ तिथे साचून त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. जाळी बाहेरून स्वच्छ दिसते, आत मात्र हवा जातच नाही. तो थर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने काढावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने नाजूक पत्र्या वाकतात.

बोअरचे पाणी मात्र आजपासून बंद करावे. आपला तालुका पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. त्या पाण्यातील क्षारांची पुटे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि धातूही गंजतो. यंत्रणा धुऊन घेऊन कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, भरावे, आणि ते पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

पाणी कमी होते ते उकळून बाहेर पडत असल्यामुळेही असू शकते. पंखा आणि सफाईनंतरही ते घटत राहिले, गळती कुठेच दिसली नाही, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येऊ लागले किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधला सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीचा, संशय रास्त ठरेल. तेव्हाही इंजिन उघडण्याआधी कूलिंग यंत्रणेची प्रेशर टेस्ट आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून त्यांचा निष्कर्ष लिहून मागावा. जो मिस्त्री ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर चाचणी दाखवून देतो, त्याचे दुकान लहान असले तरी त्याच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही.

यापुढे काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक, नंतर भाग व मजुरी वेगवेगळी दाखवणारे पक्के बिल आणि काढलेला जुना भाग, या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. कच्च्या चिठोऱ्यावर पुढे दाद मागणे अवघड जाते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवेबद्दल आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील नेमणेही सक्तीचे नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून पाहावे.

दुरुस्ती होईपर्यंत आईंना नेताना काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. उकाडा होईल, पण इंजिनाची काही उष्णता त्यातून निघून जाते. तरीही काटा लाल रेषेला टेकला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.