शिंगराला दोरावर चालवताना

दोन वर्षांच्या शिंगरावर खोगीर चढवायची घाई नको. कण्याची वाढ पुरी व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. आधी मोहरकी (डोक्या-तोंडाभोवतीचा पट्टा) आणि तीनेक मीटर दोर एवढंच. दोर हाताला गुंडाळू नका, बिचकलं तर बोटं जायची. समोरून ओढलंत की ते मागे रेटणारच. म्हणून डाव्या खांद्याशी उभे राहा, दोर हलकेच ताणा आणि वाट बघा. एक पाऊल पडलं की त्याच क्षणी सैल सोडा. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर सुटका कशामुळे झाली हे त्याला उमगत नाही. ओठ चघळले म्हणजे समजलं, असं सगळे सांगतात; पुष्कळदा तो नुसता उतरलेला ताण असतो. कान मागे चिकटले, शेपूट आवळली तर मागणी कमी करा. पंधरा मिनिटं पुरेत. उजवीकडूनही हेच पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं.