वाहून जायचंय, पोहायचं नाहीये!

प्रश्न : मी कोथरूडची, वय ४४. लहानपणापासून टिळक टँकवर पोहतेय. स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, झालाय, तारकर्ली आणि अंदमान धरून चौदा डाइव्ह झाल्यात. आता डिसेंबरात नवरा म्हणतोय मालदीवला ड्रिफ्ट डाइव्ह करू. तिथे करंट जोरात असतो म्हणे. उलटं पोहून परत येता आलं नाही तर?

उत्तर : अहो ताई, परत यायचंच नसतं! पाण्यात उतरता एकीकडे, वर येता भलतीकडेच, आणि बोट नांगर न टाकता तुमच्या बुडबुड्यांमागनं येत असते.

अटॉल म्हणजे प्रवाळाचं कडं, मध्ये लगून, म्हणजे समुद्राचंच उथळ तळं. कड्याला मधेमधे खिंडी असतात, पॉलिनेशियात रांगिरोआ अटॉलला त्याला पास म्हणतात आणि मालदीवमध्ये कंडू (हसू नका, तोच शब्द आहे). भरती-ओहोटीचं सगळं पाणी ह्या चिंचोळ्या वाटेनं आत-बाहेर करणार म्हटल्यावर जोर येणारच, गणपतीत लक्ष्मी रोडची गर्दी बोळात शिरल्यासारखा. पाणी आत येत असताना उतरायचं, तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी असतं, तोंडाशी शार्क जमतात आणि तुम्ही वाहत लगूनमध्ये जाता. बाहेर जाणारं पाणी गढूळ, शिवाय ते खोल समुद्राकडे ओढतं, त्यामुळे गाइड आधी उडी मारून करंट बघून येतो, तो नको म्हणाला तर हट्ट करू नका.

आता तुमचं पोहणं. खरं सांगू, मला भीती त्याचीच वाटते. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी, आपल्याकडे आजी देवळात जातात त्याहून हळू, पण सिलेंडर घालून त्याच्या उलटं पोहायला लागलात तर दोन मिनिटांत धाप लागते आणि हवा भसाभस संपते. प्रवाहाला आडवं सरकायचं, रीफच्या (प्रवाळाच्या कड्याच्या) जवळ राहायचं, तिथे ओढ कमी असते. शार्क बघायला थांबायचं तर मेलेल्या खडकात रीफ हुक (दोरीला लावलेला आकडा) अडकवायचा, जिवंत प्रवाळाला नाही हां. बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली जाताना दिसले तर करंट खाली ओढतोय, लगेच गाइडकडे बघा. चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं, मग सेफ्टी स्टॉप घेत (वर येताना मध्ये थोडं थांबत) वर, एसएमबी, म्हणजे बोटीला दिसणारा खुणेचा फुगा, फुगवून. तो फुगा स्वतःचा घ्या, आणि आधी स्विमिंग टँकमध्ये दहादा उडवून बघा, पहिल्या वेळी दोरी पायात अडकतेच.

उडीसुद्धा वेगळी असते, तरंगायच्या जॅकेटमधली हवा रिकामी करून थेट खाली. वर रेंगाळलात तर ग्रुप खाली आणि तुम्ही दोनशे मीटर पुढे.

ओपन वॉटरवर १८ मीटरच, कंडूच्या तोंडाशी बऱ्याचदा २५-३० मीटर जावं लागतं आणि मालदीवची मर्यादा ३० आहे. तेव्हा अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करूनच जा, त्यात ड्रिफ्ट डाइव्ह घ्या. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी विमान नको.

आणि नवऱ्याचं सर्टिफिकेट कुठलं ते तुम्ही लिहिलंच नाहीये, ते आधी विचारा.