मिस्सेत हात जोडायचे की पसरायचे?

प्रश्न : दर रविवारी मिस्सेत (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत) प्रभूची, म्हणजे येशूने शिकवलेली प्रार्थना सुरू झाली की आमच्या बाकावर तीन प्रकार चालतात. मी हात जोडते, नवरा फादरांसारखे दोन्ही हात पसरतो आणि बाजूच्या मावशी तर सरळ माझा हात धरून वर उचलतात. सासूबाई म्हणतात हात पसरणं फक्त फादरांचं काम. नक्की बरोबर कोण? आणि त्यानंतर शेजारच्यांना शांती देताना नमस्कार करायचा की शेकहँड? (एक वाचक, वसई)

उत्तर : ताई, तिघांपैकी कोणीच पाप करत नाहीये, आधी ते टेन्शन सोडा. मिस्सेच्या पुस्तकात फादरांसाठी स्पष्ट लिहिलंय की इथे हात पसरायचे, लोकांनी हातांचं काय करायचं यावर मात्र एक ओळ नाही, मग जो तो आपापल्या मनाने करतो.

सासूबाई उगाच बोलतात असंही नाही हं. जुन्या लॅटिन मिस्सेत ही प्रार्थना फादर एकटे म्हणायचे, लोक फक्त शेवटच्या ओळीला उत्तर द्यायचे, त्यामुळे पसरलेले हात म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणाऱ्याचे हात असं डोक्यात पक्कं बसलं, आणि त्यात १९९७ साली व्हॅटिकनचं सूचनापत्र आलं की धर्मगुरूंच्या खास कृती प्रापंचिकांनी (म्हणजे सामान्य भाविकांनी) करू नयेत, या वादात हमखास तेच पुढे केलं जातं. पण रोमला प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातलं चित्र आहे, डोकं झाकलेली एक बाई दोन्ही हात वर करून प्रार्थना करतेय, म्हणजे तुमचे मिस्टर काही नवीन काढत नाहीयेत. इटलीच्या बिशपांनी तर २०२० च्या मिस्सा-पुस्तकात लोकांना हात पसरायची मुभाच दिली, अर्थात ती इटलीपुरती. मिस्टरांना एवढंच सांगा की प्रार्थना संपल्यावर पुढचं फादर एकटे म्हणतात, तिथे हात खाली घ्या.

मावशींचं काय करायचं? हात धरणं पुस्तकात कुठेच नाही आणि न विचारता दुसऱ्याचा हात ओढणं मला तरी पटत नाही. तुम्ही आधीच हात जोडून डोळे मिटा. तरी धरलाच तर धरू द्या, भर प्रार्थनेत हात झटकणं जास्त वाईट दिसतं.

खरं सांगू, ज्या कृती खरोखर लोकांच्या आहेत त्यांच्याकडे कोणी बघतच नाही. शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) वाचनाआधी अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर एकेक छोटा क्रूस काढायचा असतो, आपण बहुतेक जण तो माशी हाकलल्यासारखा उरकतो. विश्वासांगीकारात, म्हणजे आपण सगळे मिळून आपली श्रद्धा बोलून दाखवतो तेव्हा, येशू मरियेच्या पोटी जन्मला त्या ओळीला कमरेतून वाकायचं असतं, नाताळला आणि २५ मार्चच्या, देवदूताने मरियेला निरोप दिला त्या सणाला तर तिथे गुडघाच टेकायचा, पुढच्या रविवारी किती जण वाकतात ते बघाच.

शांतीसाठी नमस्कार अगदी बरोबर. १९६९ साली भारतातल्या बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने परवानगी दिली, चपला काढणं, आरती वगैरे, त्यात हा नमस्कारही होता. शेकहँड केलात तरी चालतं, पण जवळच्यांपुरतं, सगळं चर्च फिरून यायचं नाही, कारण लगेच वेदीवर फादर भाकर मोडतात आणि आपल्या गप्पांत तिकडे कोणाचंच लक्ष नसतं.